हायड्रॉलिक क्लचमधील ऑइलगळती

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलचा दाब मास्टर सिलिंडरकडून ब्रेक ऑइलमार्फत स्लेव्ह सिलिंडरला पोहोचतो. ऑइल गळू लागले की टाकीतील पातळी उतरते, पेडल मऊ पडते आणि गिअर अडतात. पेडलच्या दांड्यावरून केबिनमध्ये ओघळ आल्यास मास्टर सिलिंडरचे सील, तर स्लेव्हचा रबरी बूट उचलताच आत ओल दिसल्यास स्लेव्हचे सील झिजलेले असते. स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत असल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील किंवा संपूर्ण सिलिंडर बदलून उत्पादकाने सांगितलेले, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, ऑइल भरतात आणि ब्लीड निपलमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतात. इंजिन ऑइल कधीही घालू नये. त्याने रबरी सील फुगतात. सांडलेले ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.