खाऱ्या वाऱ्यातली जुनी मोटार

जुन्या मोटारींचा विषय निघाला, की संस्थानिकांच्या आलिशान गाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहण्यासाठी गर्दी लोटते. आंबा घाट उतरून रत्नागिरीत आले, की मात्र या छंदाचे रूप पालटते. येथे जुनी मोटार म्हणजे राजेशाही थाट नव्हे. ती वडिलांनी अनेक वर्षे वाट पाहून घेतलेली फियाट असते, डॉक्टरांची अँबेसेडर असते, किंवा आंब्याच्या बागेत राबलेली जीप असते. शिवाय येथे ती सांभाळायची म्हणजे अरबी समुद्राशी रोजचा सामना करायचा असतो.

व्हिंटेज कोणती, क्लासिक कोणती?

बोलण्याच्या ओघात प्रत्येक जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हटले जाते. जाणकारांच्या ब्रिटिश परंपरेत हा शब्द साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील मोटारींसाठी राखून ठेवलेला आहे. युद्धोत्तर काळातील संग्राह्य गाड्यांना ‘क्लासिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. ऐतिहासिक वाहनांचा ‘फिवा’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान ३० वर्षे वयाच्या, मूळ स्वरूप जपलेल्या आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. भारतीय कायद्यात मात्र ‘व्हिंटेज’ ठरण्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे घरोघरच्या आठवणींतल्या बऱ्याच पद्मिनी फिवाच्या वयोमर्यादेत बसतात, पण कायद्याच्या व्याख्येत अजून बसत नाहीत.

कुर्ल्याची फियाट

महाराष्ट्राच्या मोटारप्रेमाचे मूळ मुंबईतील कुर्ल्यात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९५४ पासून या कंपनीने इटलीच्या फियाट ११०० या मालिकेतील गाड्या आणल्या. त्यांतल्या सुरुवातीच्या, गोलसर नाकाच्या गाडीला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि ते नाव आजतागायत टिकले. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर आणि पुढे सलग बाकासारखी बैठक, ही तिची ओळख. त्या बैठकीमुळे दोघांच्या जागी तिघे सहज मावत.

मुंबईत हीच गाडी काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीचे पर्व संपले. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजूनही रस्त्यावर दिसतात.

घाटातल्या आठवणी

कोकणात जुन्या मोटारीची आठवण निघते ती प्रवासाच्या अंगाने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होण्यापूर्वी मुंबईहून रत्नागिरीला यायचे, तर एसटी किंवा मोटार यांनाच महामार्गावरून दिवसभराची किंवा रात्रभराची वाटचाल करावी लागे. गणपतीच्या दिवसांत टपावरच्या कॅरिअरला सामान बांधून चाकरमान्यांची गाडी पनवेल, पेण, महाड करीत पोलादपूरला येई. पुढे कशेडीचा घाट. चढणीवर रेडिएटरचे पाणी उकळे. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, इंजिन निवेपर्यंत थांबायचे आणि डब्यातले पाणी सावकाश ओतायचे. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला, तर पंपावर ओले फडके ठेवायचे, हा उपाय लहान मुलांनाही पाठ असे. त्या थांब्यात घरचे लाडू निघत. हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी उजवीकडे वळली, की घर आले असे वाटे.

या आठवणींत गाडीचे दोष लपवलेले नाहीत. ब्रेक जड, पावसात वायपर क्षीण आणि थंड सकाळी चोक ओढल्याशिवाय इंजिन जागे होत नसे. पण बिघाड डोळ्यांना दिसे आणि पाना-पकड हाती असेल, तर बहुधा वाटेतच दुरुस्त होई. आजच्या गाडीत मालक प्रवासी असतो. त्या गाडीत तो अर्धा मिस्त्री असे. जुन्या गाडीची ओढ बहुतांशी या परिचयातून येते.

गंज हा खरा शत्रू

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने वाऱ्यातून मिठाचे कण येत राहतात. हे कण पत्र्यावर बसून हवेतली ओल ओढून घेतात आणि गंज वेगाने पसरतो. जीपला स्वतंत्र चासी असल्याने तिचा वरचा पत्रा बदलता येतो. फियाट व अँबेसेडर यांच्यात पत्र्याचा सांगाडाच गाडीचा भार पेलतो. त्यामुळे फरशीचा किंवा दरवाजाखालचा पत्रा खाल्ला गेला, की गाडीचा कणाच दुबळा होतो. अशा जागी नुसती लांबी भरून रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे होय. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावाच लागतो.

अनुभवी मालकांचे पथ्य साधे आहे. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. ती तांबड्या मातीने बुजू देऊ नयेत. पावसाळ्यात पायाखालचे गालिचे उचलून फरशी कोरडी करावी. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडते, म्हणून वारा खेळणारी पडवी बरी. समुद्रकाठी जाऊन आल्यावर गाडी खालच्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवावी. आणि आठवड्यातून एकदा तरी इंजिन पुरेसे तापेपर्यंत ती चालवावी. भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत जाऊन परत येण्याइतके अंतर झाले, तरी ऑइलमधली आणि सायलेन्सरमधली ओल निघून जाते.

मूळ रूप की सोय?

शौकिनांमध्ये येथेच मतभेद होतात. एका पक्षाच्या मते कार्बोरेटरपासून काचेच्या रबरापर्यंत सारे मूळचेच हवे. बदल केला की गाडीची साक्ष खोटी ठरते. दुसऱ्या पक्षाला डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, क्वचित दुसऱ्या गाडीचे इंजिनही चालते. कारण त्यामुळे गाडी घाट चढते आणि घरचे लोक तिच्यात बसतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सुरक्षिततेसाठी केलेला आणि पुन्हा काढता येणारा बदल क्षम्य मानावा. मूळ पत्रा कापून केलेला बदल मात्र कायमचा असतो.

नियम आणि इंधन

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. अन्य खासगी मोटारींना १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून पाच हजार रुपयांवर गेले.

इंधनही बदलले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना जे संरक्षण मिळे, ते त्याबरोबर गेले. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे खराब करते. दमट किनाऱ्यावर अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी ठेवणे म्हणूनच धोक्याचे. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या बसवाव्यात आणि टाकीतले पेट्रोल वरचेवर वापरून संपवावे.

हवा, इंधन आणि वाढता खर्च, या तिन्ही गोष्टी मालकाला गाडी उभी करून ठेवायला भाग पाडतात. आणि उभी गाडीच सर्वांत लवकर संपते. कार्बोरेटर कानाने जुळवणारे मिस्त्री आता वयस्क होत चालले आहेत. चालत्या गाड्या उरल्या नाहीत, तर त्यांची विद्या शिकायला कोणी येणार नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा केलेली जुनी मोटार त्याच दिवशी गावातून एक फेरी मारून आली, तर तिचे आयुष्य वाढते आणि तिच्या मिस्त्रीच्या हातालाही काम राहते.