गोव्याचा जनमत कौल आणि पक्षनिष्ठा : १९६७ मधील एक विसंगती

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या मतदानास लोकव्यवहारात ‘सार्वमत’ म्हटले जाते. संसदेने १९६६ मध्ये संमत केलेल्या कायद्याच्या दृष्टीने तो केवळ ‘जनमत कौल’ होता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, एवढाच प्रश्न मतदारांपुढे होता. विलीनीकरणाचे चिन्ह ‘फूल’, तर केंद्रशासित प्रदेशाचे ‘दोन पाने’. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शेकडा सुमारे ८२ जणांनी, मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ व फुलाला १,३८,१७० मते पडली. असे असूनही मार्च महिन्यातील विधानसभा निवडणुकीत ३० पैकी १६ जागा मिळवून पुनश्च सत्तारूढ झाला तो विलीनीकरणाचा पुरस्कर्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच. युनायटेड गोवन्स पक्षास १२ जागा मिळाल्या.

या विसंगतीचा काही भाग मतगणनेच्या पद्धतीतूनच उलगडतो. विधानसभेसाठी गोव्याचे २८ मतदारसंघ होते. सासष्टीत युनायटेड गोवन्सच्या उमेदवाराला कितीही मोठे मताधिक्य मिळाले, तरी त्यातून जागा एकच पदरी पडे. जनमत कौलात मात्र संपूर्ण गोवा हाच एक मतदारसंघ ठरल्याने सासष्टीतील प्रत्येक मत पेडणे, सत्तरी वा डिचोली येथील मताच्या बरोबरीने मोजले गेले. जुन्या व नव्या काबिजादींमधील जुना भेद येथे प्रथमच सलग बेरजेत उतरला.

दुसरा मुद्दा धर्मनिहाय मतदानाचा. ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असे या निकालाचे सरळ विभाजन अनेकदा केले जाते. साधे गणित त्याला पुष्टी देत नाही. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा ४० पेक्षा कमी होती. मतदानाचे प्रमाण सर्वत्र सारखे धरले आणि एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांना गेले असे मानले, तरी वैध मतांपैकी शेकडा ५५ चा पल्ला गाठण्यास इतरांपैकी किमान चौथा हिस्सा त्याच बाजूस असणे आवश्यक ठरते. ही मते मगो पक्षातून फुटली असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. काँग्रेसकडे कल असलेले हिंदू आणि बांदोडकरांच्या राजवटीस नाखूष असलेले भाटकार यांचाही त्यात वाटा असू शकतो. विलीनीकरणविरोधाचे प्रखर मुखपत्र मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते व त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर आवर्जून वाचले जाई, हेही येथे ध्यानी घ्यावयास हवे. विलीनीकरणाविरुद्धचा युक्तिवाद मराठीतूनच मराठी वाचकापर्यंत पोहोचत होता.

मगो पक्षाला मत देणारा मतदार नेमके कशाला मत देत होता, हा खरा प्रश्न आहे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज भाटकारशाहीविरुद्ध उभा होता. १९६४ चा कूळकायदा हे त्याच पाठिंब्याचे फळ होय. अशा कुळास वा मुंडकारास विलीनीकरण हे साध्य नसून साधन वाटणे स्वाभाविक होते. पणजीतच आपले सरकार असताना मुंबईच्या सचिवालयाकडे जाण्यात लाभ कोणता, ही शंका विरोधकांनी मोठ्या कौशल्याने पेरली. महाराष्ट्रातील दारूबंदीची धास्ती माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांना होती. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी सुशिक्षितांत होती. यांतील कोणत्या कारणाने किती मते वळली, हे गुप्त मतदानातून काढता येणार नाही, आणि ते काढल्याचा दावा करणाऱ्या लेखनाकडे सावधपणेच पाहावे.

मार्चचा निकाल मात्र अधिक बोलका आहे. जानेवारीत विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाला होता. पक्षाची शक्ती केवळ त्याच मागणीवर उभी असती, तर ती ओसरावयास हवी होती. तसे झाले नाही. एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, व त्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पर्यंत, सत्ता याच पक्षाकडे राहिली.