चंद्राच्या साक्षीने आखलेला नकाशा

१/ कॅनडाच्या उपध्रुवीय अरण्यात, अथाबास्का सरोवराच्या पश्चिम टोकाशी, पाणथळींचा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश आहे. पीस नदीला मोठा पूर आला की सरोवरातून बाहेर पडणारे प्रवाह उलटे फिरून पुन्हा सरोवरात शिरतात. जिथे पाय ठेवायला कोरडी जमीन नाही, तिथे मोजणीची साखळी टाकणार कुठे? १८व्या शतकात या भूमीचा नकाशा कसा घडला, त्याचा हा थ्रेड.

२/ १७७८ मध्ये फरचा व्यापारी पीटर पाँड या प्रदेशात पोहोचला. कोणती नदी कुठे जाते, हे त्याला डेने आणि क्री लोकांकडून कळले. पाँडने ते कागदावर उतरवले. पण त्याच्या नकाशांत हे सरोवर प्रत्यक्षाहून फार पश्चिमेला, पॅसिफिकच्या निकट सरकले.

३/ पाँडच्या सहवासात हिवाळा काढलेला अलेक्झांडर मॅकेंझी ३ जून १७८९ रोजी पॅसिफिकच्या शोधात निघाला. नदी उत्तरेकडेच वाहत राहिली आणि त्याला आर्क्टिक महासागरापाशी घेऊन गेली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

४/ अथाबास्काचे नेमके स्थान ठरवण्यासाठी हडसन बे कंपनीने सर्वेक्षक फिलिप टर्नर याला पाठवले. त्याचा शिष्य डेव्हिड थॉम्पसन बरोबर जायचा होता. परंतु मोडलेला पाय पुरता सावरला नव्हता आणि उजव्या डोळ्याची दृष्टीही गेली. त्याच्या जागी पीटर फिडलर गेला.

५/ दिशा होकायंत्राने कळे. रेखांशासाठी मात्र आकाशाकडे पाहावे लागे. चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांतील कोन सेक्स्टंटने मोजायचा, पंचांगातील कोष्टकांवरून ग्रीनिचची वेळ काढायची आणि ती स्थानिक वेळेशी ताडायची. ४ मिनिटांचा फरक म्हणजे १ अंश. या अक्षांशावर सुमारे ५७ किलोमीटर.

६/ १७९१ मध्ये टर्नर अथाबास्काला पोहोचला. त्याच्या मोजणीने सरोवर पुष्कळ पूर्वेला आणले. पॅसिफिक तिथून दूर होता. मध्ये रॉकी पर्वत उभा होता. पुढचा हिवाळा फिडलरने डेने लोकांसोबत राहून त्यांची भाषा शिकण्यात घालवला.

७/ १७९० मध्ये टर्नरची भेट घेतलेल्या मॅकेंझीला आपले खगोलज्ञान अपुरे असल्याचे उमगले होते. तो इंग्लंडला जाऊन शिकून आला आणि १७९३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर पोहोचला.

८/ नद्यांचा क्रम डेने आणि क्री लोकांना आधीच ठाऊक होता. टर्नरने त्या ज्ञानाला पृथ्वीच्या गोलावरील नेमकी जागा दिली. नकाशावर नाव मात्र मॅकेंझीचे राहिले. डेने लोक त्याच नदीला आजही ‘देह चो’, म्हणजे मोठी नदी, म्हणतात.