लग्नगडी ते मोबाईलवरील कर्ज : डहाणू-तलासरीतील आदिवासी कर्जव्यवहाराचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

कर्ज देणाऱ्याचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न व्याजदराचा विचारला जातो. सावकारीविषयीचे कायदेही बऱ्याच अंशी याच प्रश्नाभोवती रचले गेले. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. येथील वारली समाजाला ज्या कर्जाने सर्वाधिक जखडून ठेवले, त्याचा जाच व्याजाच्या आकड्यापेक्षा फेडीच्या पद्धतीत होता. आज अल्पमुदतीचे कर्ज मोबाईलवर काही मिनिटांत मिळू लागले असताना या इतिहासाकडे पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात या कर्जव्यवहाराचा मागोवा घेऊन त्यातून मूल्यमापनाच्या कोणत्या कसोट्या हाती लागतात, याचा विचार केला आहे.

खावटी व लग्नगडी

या भागातील आदिवासी शेतकऱ्याचे धान्य बहुधा पावसाळ्याच्या तोंडी संपत असे. नवे पीक कार्तिकापूर्वी हाती येत नसे. या मधल्या महिन्यांसाठी काढलेले पोटापुरते कर्ज म्हणजे खावटी. धान्य घ्यावे आणि सुगीनंतर वाढीदिढीने परत करावे, अशी ही रीत होती. आषाढात घेतलेल्या एका मणाचे मार्गशीर्षात दीड मण द्यावे लागले, तर पाच महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे वर्षाला १२० टक्के व्याज पडते. याशिवाय धान्य उधार देताना कोणते माप वापरले आणि परत घेताना कोणते, हा प्रश्न निराळाच.

लग्नगडीची पद्धत याहून कठोर होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पती-पत्नी दोघांनी त्याच्याकडे राबायचे, असे तिचे स्वरूप होते. मोबदला म्हणून पोटापुरते धान्य मिळे. श्रमाचा भाव कर्ज देणारा ठरवी आणि हिशेबही त्याच्याच वहीत राही. निरक्षर ऋणकोला मुद्दल किती फिटले हे समजण्याचा मार्गच नसे. त्यामुळे काहींच्या बाबतीत बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येई. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार डहाणू तालुका व उंबरगाव पेटा हे अंशतः वर्जित क्षेत्रात समाविष्ट होते. अशा क्षेत्रांच्या पाहणीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे लग्नगडीची प्रथा सरकारी कागदपत्रांत स्पष्टपणे नोंदली गेली.

लग्नावरील उधळपट्टीमुळे आदिवासी कर्जबाजारी होतो, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते अपुरे आहे. वारली समाजात लग्नविधी पुढे ढकलून जोडप्याने एकत्र संसार करण्याची मुभा होती. घरजावई राहून सासऱ्याकडे श्रम करण्याची रीतही होती. म्हणजे कर्ज टाळण्याची सोय समाजाच्या रूढीतच होती. तरीही माणसे सावकाराकडे गेली. याचे कारण जमीन व जंगल या दोन्ही आधारांच्या ऱ्हासात शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनकायद्यांनी जंगलावरील वहिवाट आखडली आणि जमिनी क्रमाने सावकार व गवताच्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. ज्याच्याकडून कर्ज घ्यायचे, त्याच्याच जमिनीवर राबायचे, अशी अवस्था झाली.

१९४५ चा उठाव : मजुरीचा प्रश्न

२३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या वतीने वारल्यांची परिषद भरली. झरी व तलासरीचा परिसर तेव्हा उंबरगाव भागात मोडत असे. १९६० मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या परिषदेत वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या जमिनीवर काम करायचे नाही, असे ठरले. त्यानंतर गावोगाव फिरून लग्नगड्यांना मालकांच्या घरांतून मोकळे करण्यात आले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आली आहे.

व्याजदर कमी करा, ही या लढ्याची मुख्य मागणी नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. रोख मजुरी ठरली की श्रमाला भाव येतो, आणि भाव आला की कर्ज फिटले किंवा नाही हे मोजता येते. अशा रीतीने मजुरीचा लढा हाच कर्जमुक्तीचा लढा ठरला.

कायदे व शासकीय उपाय

१८७५ च्या दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. मुंबई सावकारी कायदा १९४६ चा. परवाना, हिशेब व व्याजमर्यादा हे त्याचे मुख्य आधार होते. श्रमाने फेडल्या जाणाऱ्या कर्जाला देशपातळीवर थेट हात घातला तो १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने. त्याने केवळ बंधन रद्द केले नाही, तर त्यामागील कर्जही संपुष्टात आणले.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत राज्यात १९७८ पासून खावटी कर्ज योजना राबविण्यात आली. सावकाराची वेळ साधून शासनाने पावसाळ्यात कर्ज द्यावे, हा विचार योग्यच होता. परंतु पोटासाठी घेतलेल्या कर्जातून उत्पन्न निर्माण होत नाही. फेड व्हायची कशातून, हा प्रश्न राहिलाच, आणि थकबाकी पुढे शासनाला माफ करावी लागली. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात हेच साहाय्य प्रतिकुटुंब ४,००० रुपयांचे अनुदान म्हणून देण्याचे ठरले. त्यातील निम्मी रक्कम रोख व निम्मे वस्तुरूप होते. उपासमारीवर कर्ज हा उपाय नव्हे, याची ही उशिरा मिळालेली कबुलीच म्हणावी लागेल.

नवा धनको, जुनी रीत

अमेरिकेत पुढच्या पगाराच्या भरवशावर दिल्या जाणाऱ्या कर्जाचा व्यवसाय मोठा आहे. दोन आठवड्यांसाठी शंभर डॉलरमागे पंधरा डॉलर आकार घेतल्यास वार्षिक दर सुमारे ३९० टक्के पडतो. राज्यांच्या व्याजमर्यादा चुकविण्यासाठी काही ऑनलाईन कंपन्यांनी तेथील आदिवासी जमातींच्या सार्वभौम दर्जाचा आडोसा घेतला. अशा एका प्रकरणात स्कॉट टकर यास २०१७ मध्ये दोषी ठरवून २०१८ मध्ये सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. तेथे आदिवासींचे नाव धनकोच्या पाटीवर होते, येथे आदिवासी ऋणकोच्या खात्यात होता. कायद्याच्या कक्षेतून निसटण्याची धडपड दोन्हीकडे सारखीच दिसते.

भारतात रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात जावी, एकूण वार्षिक खर्च आधी लेखी सांगावा, ठराविक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करता यावे आणि ॲपने मोबाईलमधील संपर्कयादीला हात लावू नये, ही त्यांतील महत्त्वाची कलमे होत. संपर्कयादीतील आप्तांना फोन करून वसुली करणे ही अब्रू तारण ठेवण्याचीच रीत आहे. दुसरीकडे वीटभट्टीच्या हंगामापूर्वी मजुराला दिली जाणारी उचल व्याजाशिवाय असूनही त्याचा पुढील हंगाम बांधून ठेवते. पहिल्या व्यवहारावर रिझर्व्ह बँकेची नजर आहे. दुसऱ्याला बहुधा कर्ज म्हणूनही ओळखले जात नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून धनकोच्या मूल्यमापनाच्या चार कसोट्या पुढे येतात. पहिली, कर्ज कोणत्या गरजेसाठी आहे आणि फेडीच्या वेळी ऋणकोच्या हाती उत्पन्न असेल काय. दुसरी, हिशेब कोणाच्या वहीत आहे आणि ऋणकोला तो वाचता येतो काय. तिसरी, फेड पैशाने होते, श्रमाने होते की अब्रूने. चौथी, ऋणकोला व्यवहारातून बाहेर पडता येते काय. व्याजदर ही आवश्यक कसोटी आहे, परंतु या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो आकडा फसवा ठरतो. लग्नगडी या चारही कसोट्यांवर नापास होता. आजचा परवानाधारक ॲप दुसऱ्या व चौथ्या कसोटीवर उतरू शकतो, मात्र पहिल्या कसोटीचे उत्तर कोणत्याही ॲपपाशी नाही. ते वेळेवर मिळणारी मजुरी, घरातले धान्य आणि नावावरची जमीन यांतच शोधावे लागेल. झरीच्या परिषदेने कर्जाचा विचार मजुरीपासून सुरू केला होता. त्या क्रमाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.