चकचकीत ओट्यामागची धूळ

आपल्याकडे ओटा म्हणजे कडाप्पा नाहीतर ग्रॅनाइट. आता 'क्वार्ट्झ'ची फॅशन आलीय. हा दगड कारखान्यात बनतो: चुरा आणि रेझिन दाबून. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वर असू शकते, ग्रॅनाइटच्या दुपटीहून जास्त! कोरडा कापला की बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस. बरा होत नाही.

दगड कापणाऱ्यांचे आजार रामाझिनीने १७०० सालीच लिहून ठेवले होते. तरी २०१२ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी २५ कामगारांची नोंद छापली, फुफ्फुस बदलायच्या तपासणीला आलेले. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने हा दगडच बंद केला, जगात पहिल्यांदा.

ओटा घेताना आपण रंग विचारतो, भाव विचारतो. कापताना पाणी सोडलं होतं का, हे कोण विचारतं?