दाभोळ : खाडीच्या काठी वसलेली माणसं आणि शब्द

वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून खाली येते आणि दाभोळपाशी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर काठावर दाभोळ, समोर दक्षिणेला अंजनवेल आणि गोपाळगडाचा बुरूज. आज दाभोळला जाणाऱ्याला जेटी, मासळी, नारळीच्या बागा आणि धोपाव्याला जाणारी फेरीबोट दिसते. नव्वदच्या दशकात हे नाव देशभर गाजलं ते एन्‍रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. गंमत अशी, की तो प्रकल्प खाडीच्या पलीकडे गुहागर तालुक्यात झाला. दाभोळच्या वाट्याला फक्त नाव आलं.

पण या गावाचं नाव जगाला त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बहामनी काळात हे दख्खनचं मोठं बंदर होतं. अरबस्तान आणि इराणकडून घोडे इथं उतरत. माल भरतीच्या पाण्यावर गोवळकोटपर्यंत होडीनं जाई, पुढे बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे. 1470 च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला निघाला, तो याच बंदरातून होर्मुझला जाणाऱ्या जहाजानं.

त्या काळी जहाजं वाऱ्याच्या हुकमावर चालत. नैऋत्येच्या वाऱ्यावर यायचं आणि ईशान्येचा वारा सुटला की परतायचं. मधले महिने बंदरातच काढावे लागत. मग कुणी वखार घातली, कुणी इथल्या मुलीशी लग्न केलं, कुणाची इथंच कबर झाली. कोकणी मुसलमान समाजाची घडण अशा बंदरांत, पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्यात बाहेरून आलेले होते आणि इथल्याच मातीतले त्याहून जास्त. घरातली बोली इथलीच राहिली. आडनावंही गावावरून पडली, शेवटी ‘कर’ लावून.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे या इतिहासाचा पुरावा मला रोज फळ्यावर सापडतो. ‘बंदर’ आणि ‘लंगर’ फारसी. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलं. ‘खलाशी’ही अरबीच. ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. ‘मोसम’ हा अरबी शब्द, आणि इंग्रजीतला ‘मान्सून’ त्याचाच नातू. ‘तांडेल’ आणि ‘वल्हं’ मात्र इथले. एकाच होडीत हे सगळे शब्द बसले आणि कोळ्यानं, भंडाऱ्यानं, दालद्यानं ते सारखेच वापरले. आज कुणाही मराठी माणसाला ‘सुकाणू समिती’ म्हणताना तो शब्द परका वाटत नाही.

या गावानं आगही पाहिली आहे. 1508 च्या मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. सूड घ्यायला निघालेल्या आल्मेदानं वर्षअखेरीस दाभोळ गाठलं. त्या लढाईशी ज्यांचा काही संबंध नव्हता, त्या बायकामुलांचीही कत्तल झाली आणि गाव जाळलं गेलं. पुढे 1509 च्या फेब्रुवारीत दीवची लढाई जिंकून पोर्तुगीजांनी समुद्रावरची परवान्याची सक्ती आणखी पक्की केली. दाभोळ पुन्हा उभं राहिलं, कारण व्यापाराला खाडी हवी होती. आदिलशाहीत ते पुन्हा नांदतं झालं.

त्या काळाची खूण म्हणजे धक्क्याजवळची काळ्या दगडाची शाही मशीद. तिचा काळ 1659-60 च्या सुमाराचा मानतात. विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, पुढचा प्रवास धोक्याचा ठरल्यानं ती इथंच अडकली आणि सोबतचं धन तिनं मशिदीवर खर्च केलं, अशी कथा सांगतात. कथेतलं खरं-खोटं बाजूला ठेवू. हजची वाट या खाडीतून जात होती, एवढं तिच्यातून नक्की कळतं. त्याच सुमारास दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. पुढे सुरत आणि मुंबई वाढत गेली, तसा दाभोळचा व्यापार आटला. नंतर मुंबईच्या आगबोटी धक्क्याला लागत, त्याही बंद झाल्या. माणसं आधी मुंबईला आणि मग आखातात गेली. ज्या दिशेनं पूर्वी घोडे येत, त्या दिशेला आता पोरं नोकरीला जाऊ लागली.

हे सगळं सांगण्याचं कारण वर्गातच आहे. आपल्या मुलांना कधी ना कधी कुणीतरी विचारतं, “तुम्ही मूळचे कुठले?” विचारणाऱ्याच्या मनात कधी कुतूहल असतं, कधी टोचणी. आपली मुलं गोंधळतात आणि एक तर गप्प बसतात, नाहीतर कुठल्याशा दूरच्या शहराशी वंशावळ जोडू पाहतात. दोन्हींची गरज नाही. आपण वाशिष्ठीच्या, सावित्रीच्या, कुंडलिकेच्या काठचे आहोत. आपले काही पूर्वज लाटेवर आले असतील, बहुतेक आधीपासून काठावरच होते. गेल्या पाचशे वर्षांत जे या काठावर जळलं ते आपलं होतं, आणि जे पुन्हा बांधलं गेलं तेही आपलंच.

सुट्टीत मुलांना घेऊन एकदा दाभोळला जा. मशिदीचे दगड दाखवा, मग फेरीबोटीतल्या खलाशाला त्याच्या होडीच्या भागांची नावं विचारा. वहीत उतरवून घ्या. आमच्या उर्दूच्या आणि मराठीच्या तासाला ती यादी एकच निघते.