काचेतला समुद्र आणि कीड खाणारा मासा

आजचा भाग माझ्या एका चुकीपासून सुरू होतो आणि तिथून थेट १८४९ च्या लंडनला जातो.

तर झालं असं. माझ्याकडे शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, थोडे प्रवाळ, बाकी सगळा खडक. एक दिवस वाळूवर विटकरी रंगाचे, तांदळाच्या दाण्याएवढे चपटे कृमी दिसले. आठवड्याभरात ते प्रवाळांवर चढले. दुकानदार म्हणाला, "दादा, क्लीनर रॅस घेऊन जा, सगळं साफ करतो." निळा, काळ्या पट्ट्याचा, बोटाएवढा मासा. घेतला. त्यानं त्या कृमींकडे ढुंकूनही बघितलं नाही. काही आठवड्यांत त्याचं पोट आत गेलं, आणि एका सकाळी तो तळाशी पडलेला दिसला. औषध म्हणून आणलेला जीव माझ्याकडे उपाशी मेला. असं का झालं, ते शोधायला मी जुन्या गोष्टी वाचायला लागलो.

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ मध्ये त्यानं साधारण पन्नास लिटरच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे जगतील, असा हिशोब. पण पानं कुजायला लागली, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला, पाणी गढुळलं. मग त्यानं तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, काच साफ केली, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली! १८५० मध्ये त्यानं हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. पुढे समुद्राच्या पाण्यातही त्यानं हाच प्रयोग केला; तिथं हे काम समुद्री गोगलगायींना दिलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं ते याच काळात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. वॉरिंग्टननं आधी बघितलं की घाण नेमकी कसली आहे. मग ती कोण खातं ते बघितलं. मी उलटं केलं, आधी मासा घेतला.

आता थेट १९६१ मध्ये येऊ. त्या वर्षी जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली 'नैसर्गिक' पद्धत जगापुढे मांडली. हवेचा पंप, आणि समुद्रातून आणलेले जिवंत खडक, म्हणजे आजचा लाईव्ह रॉक. खडकातले जिवाणूच पाणी शुद्ध ठेवतात. पण खडकाबरोबर पाहुणेही येतात: चपटे कृमी, काचेसारखी दिसणारी आयप्टेशिया, काटेरी वाळे. माझे कृमी असेच आले असणार.

त्याच वर्षी कॉनराड लिम्बॉ या अमेरिकन पाणबुड्या शास्त्रज्ञाचा लेख छापून आला. तो स्वतः मात्र १९६० मध्येच फ्रान्समधल्या एका पाण्याखालच्या गुहेत मरण पावला होता. बहामामध्ये त्यानं दोन खडकांवरून साफसफाई करणारे जीव काढून टाकले होते. बाकीचे मासे भराभर कमी झाले, जे उरले त्यांच्या अंगावर जखमा दिसल्या, असं त्यानं लिहिलं. हे वाचून सगळ्यांना वाटलं, अरे, हा तर जादूचा मासा!

पण खरा आकडा पुढे आला. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तर एक क्लीनर रॅस दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो. बाराशे! आणि तेही इतर माशांच्या अंगावरचे. माझ्या दोन क्लाउनफिशच्या अंगावर बाराशे परजीवी कुठून येणार? माझे कृमी तर खडकावर होते, ते त्याचं जेवणच नव्हतं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर नॉर्वेत घडली. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं सॅल्मनच्या पिंजऱ्यांत उवा खायला रॅस सोडायला सुरुवात झाली. उपाय चालला. पुढे वर्षाला कोट्यवधी मासे वापरले गेले, आणि त्यातले फार मोठ्या संख्येनं पिंजऱ्यातच मेले. म्हणजे उवांची काळजी झाली, उवा खाणाऱ्याची झाली नाही.

मग मी काय केलं? आधी बारीक नळीनं रोज रात्री कृमी ओढून काढले. हे महत्त्वाचं आहे, कारण हे कृमी एकदम खूप मेले तर विष सोडतात आणि छोट्या टाकीत तेवढं पाणी नसतं. संख्या कमी झाल्यावर सिक्स लाईन रॅस आणला. जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा, खडकाच्या फटीफटीत शिकार शोधणारा. पण स्वभावानं दादागिरी करणारा, म्हणून तो सगळ्यात शेवटी सोडायचा. उडी मारतो, म्हणून वर जाळी. आणि कृमी संपले तरी त्याला रोज वेगळं खाणं द्यायचं. प्रत्येक सिक्स लाईन कृमी खातोच असंही नाही. माझा खातो, पण नळी मी अजून ठेवून दिली आहे.

तुम्ही कधी टाकीसाठी मासा घ्यायला गेलात, तर दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: ही कीड संपल्यावर हा काय खाणार? मी तेव्हा तो विचारला नव्हता.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!